न प्यायलेली दारू

किनाऱ्यापासून तीसेक मैलांवर, फेरीच्या चौथ्या दिवशी सूरजच्या पोटात कळ आली. ट्रॉलरच्या इंजिन-खोलीत तो गुडघे छातीशी घेऊन पडला. कळ पाठीत शिरत होती, पाण्याचा घोटही उलटत होता.

बोट चालवणारा केरू तांडेल शिडीवरून वाकला. "उतरली की बरा होशील."

"देवाची शपथ, मी घेतलेली नाय. बोट मागे फिरवा."

"तुझा बापूस पण हाच सांगायचा."

सूरजचा बाप विठू दारूपायी गेला, हे साऱ्या बंदराला ठाऊक होतं. बोट आणखी दोन दिवस समुद्रातच राहिली. डिझेलच्या वासात सूरज पडून होता. पाण्यात उडी मारावी असंही एकदा वाटलं. शिडी चढायचं बळ नव्हतं.

मिरकरवाडा बंदरात उतरल्यावर आईने, सोनूबाईने, त्याला रिक्षात घातलं आणि तिथेच विचारलं, "खरा सांग, किती प्यायलास?"

दवाखान्याची ही चौथी खेप. दर वेळी डॉक्टरही तेच विचारत. त्यांना नाही म्हणणंही सूरजने आताशा सोडलं होतं.

या खेपेला वॉर्डात नव्या डॉक्टर होत्या, सानवी मॅडम. स्कॅनमध्ये स्वादुपिंडात खडे दिसले. "पहिल्यांदा कधी दुखलं?"

"सातवीत."

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मॅडमनी रक्त तपासायला मुंबईला पाठवलं.

महिन्याने रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी मायलेकांना समोर बसवलं. "मासे-मटण पचवणारा रस स्वादुपिंडात तयार होतो, पण तिथे तो झोपलेला असतो. आतड्यात गेल्यावरच जागा होतो. चुकून आधीच जागा झाला, तर त्याला धरून ठेवणारं एक प्रथिन तिथेच असतं. सूरजचं ते जन्मापासून कमजोर आहे, आईबापाकडूनच येतं असं. म्हणून तो रस याचीच ग्रंथी पचवत सुटतो. यात दारू कुठेच नाही."

सोनूबाईचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्याकडून पण आला असंल?"

"असू शकतं. त्यात दोष कुणाचाच नाही."

"बरा होईल?"

"खडे काढू. जेवताना रोज गोळ्या. दुखणं कमी होईल, पुरतं जाणार नाही. आणि आठवडा-आठवडा समुद्रात जायचं नाही."

"म्हणजे सुटका नाय," सूरज म्हणाला. खोटारडेपणाचा डाग गेला, पण समुद्रही गेला.

सोनूबाई तिथून थेट जेटीवर गेली. सगळ्यांदेखत केरूला म्हणाली, "माझा पोर पीत नाय. आजार हाय. मीच त्याचा ऐकला नाय, तर तुम्ही कशाला ऐकाल?"

केरूने मान वर केली नाही. "दोन दिवस मी त्याला खाली तसाच ठेवला," एवढंच म्हणाला.

पुढच्या आठवड्यात त्यानेच सूरजला किनाऱ्यावरच्या इंजिन दुरुस्तीच्या शेडमध्ये काम लावून दिलं. बोटी सुटतात तेव्हा सूरज दाराकडे पाठ करून बसतो. कळ अजून येते. आता तो हातातला पाना खाली ठेवतो, "दुखतंय" म्हणतो, आणि कुणीतरी रिक्षा आणायला धावतं.