सैल फळी

लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून, असं म्हणतात. घर एकदा विकूनही पाहावं, हे सांगायचं मात्र म्हण करणाऱ्यांकडून राहून गेलं. राहत्या घराचे दोष आपल्याला दिसत नाहीत. विकायला काढलं की कुणीतरी परका येतो आणि एकेका दोषावर बोट ठेवून दाखवतो.

काकांकडे आलेला परका म्हणजे एजंट. बूट चकचकीत, हातात वही, आणि नाकानं कांदे सोलायची खोड. अर्ध्या तासात त्यानं घराची पार शोभा केली.

"घर तसं चांगलं आहे, काका. उजेड आहे, पाणी आहे. पण गिऱ्हाईक दारातूनच पळेल. बेल दाबली तर वाजत नाही, आत दिवा लागतो. स्वयंपाकघराला दार नाही. ओट्यासमोरच्या भिंतीवर आरसा! तिथं कोण भांग पाडतं? आणि दारातली ही जमिनीची फळी. पाय पडला की पार आतली भांडी वाजतात. एवढं नीट करा, भाव कुठल्या कुठं जातो बघा."

त्यानं वहीत दोष म्हणून लिहून घेतलेल्या चारही गोष्टी काकांनी स्वतःच्या हातानं केलेल्या होत्या.

काकूंना ऐकू येत नव्हतं. लहानपणीच्या तापात कान गेले ते गेलेच. म्हणून बेलऐवजी दिवा. ओट्याशी उभं असताना मागून कोण आलं ते दिसावं म्हणून आरसा, आणि नजर थेट पुढच्या दारापर्यंत जावी म्हणून स्वयंपाकघराचं दार काढलेलं. फळीची गोष्ट जरा वेगळी होती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी काका मागून आले आणि त्यांनी लाडानं काकूंच्या खांद्यावर हात ठेवला. काकू अशा दचकल्या की उकळतं दूध हातावर सांडलं. डाग कायमचा राहिला. त्याच रविवारी काकांनी पुढच्या दारापासून ओट्यापर्यंत जाणाऱ्या लांब फळीचे स्क्रू काढून टाकले. दारात पाय आपटला की ओट्याशी काकूंच्या तळपायाला कळायचं.

भिंतींना कान असतात म्हणतात, या घरात ते जमिनीला होते. एकदा आपटलं की "आलो". दोनदा म्हणजे "जरा इकडे ये". आणि तीनदा म्हणजे "काही नाही, सहज". काकू मागं वळायच्यासुद्धा नाहीत, हातातला चमचा तेवढा वर करायच्या. कळलं.

काकूंना जाऊन पावणेतीन वर्षं झाली. काका अजून रोज बाहेरून आले की तीनदा पाय आपटत. आत भांडी किणकिणत, आणि तेवढ्या किणकिणाटापुरतं घरात कुणीतरी आहे असं वाटे. मग पुन्हा सगळं गप्प. घर पूर्वीही गप्पच होतं म्हणा, पण तेव्हा गप्प बसायला दोघं होते. हातांनी बोलायची त्या दोघांची एक भाषा होती. आता ती येणारा घरात एकच माणूस उरला होता, आणि एकट्यानं कसली भाषा बोलायची?

त्यांना मुलाकडे जायचं होतं. मनापासून जायचं होतं. मुलगा फोनवर म्हणाला होता, "बाबा, घराचे पैसे आले की वरची खोली बांधायला घेतो. तुमचीच खोली. पण चांगल्या भावाला विका, नाहीतर ते काम काही होत नाही."

म्हणून काका कामाला लागले. नवी बेल आली, गाणं म्हणणारी. आठवडाभर ती कुणी दाबलीच नाही, तेव्हा काकांनी स्वतःच बाहेर जाऊन दाबून पाहिली. झकास वाजली. दार उघडायला कुणी येणार नाही हे ठाऊक असूनही ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग आरसा उतरला, भोकं बुजली, रंग लागला. स्वयंपाकघराला दारही बसलं.

फळीकडे मात्र त्यांनी कानाडोळा केला. पण घर पाहायला आलेल्या पहिल्याच जोडप्यातल्या नवऱ्याचा पाय नेमका तिच्यावर पडला. भांडी खणखणली. "वाळवी दिसतेय," तो बायकोला म्हणाला, आणि दोघं आल्या पावली परतले. एजंटानं फोनवर काकांना चांगलंच फैलावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. टक्कल पडलेला, कमी बोलणारा माणूस. गुडघ्यावर बसून त्यानं फळी चाचपली.

"काका, ही आपोआप सैल झालेली नाही. कुणीतरी स्क्रू काढून भोकांत मेण भरलंय."

"मीच."

आणि मग, आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते काकांनी त्या अनोळखी माणसाला सांगून टाकलं. एकदा म्हणजे काय, दोनदा म्हणजे काय, तीनदा म्हणजे काय. सुतारानं हातातला स्क्रू परत डबीत टाकला.

"राहू दे का मग, काका?"

काकांनी स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून ओट्याकडे पाहिलं. "नको. ती राहिली तर मीही इथंच राहीन. दिवसभर बोलायला माणूस नाही रे मला. ठोक."

दारापासून ओट्यापर्यंत सोळा स्क्रू बसले. काम संपल्यावर सुतार हात झटकून उठला, तेव्हा काका म्हणाले, "एकदा तपासून बघू. चपला काढ, आणि ओट्याशी भिंतीकडे तोंड करून उभा राहा. कानांत बोटं घाल. पायाला काही कळलं तर हात वर कर."

सुतार हसला, पण उभा राहिला. काका पुढच्या दारात गेले. समोर ओटा, ओट्याशी पाठमोरा माणूस. काकांनी एकदा पाय आपटला. थांबून दोनदा आपटला. मग श्वास घेतला आणि होती नव्हती तेवढी ताकद लावून तीनदा आपटला. मांडणीवरचं एक भांडंही हललं नाही.

सुतार तसाच उभा होता. कानांत बोटं असलेली माणसं बोलतात तसं मोठ्यानं ओरडून म्हणाला, "आपटा की काका! मी तयार आहे!"

काकांनी हाक मारून पाहिली. ती पोचली नाही. आरसाही नव्हता. शेवटी ते हळूहळू चालत आत गेले आणि त्यांनी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

सुतार केवढ्यानं तरी दचकला.