शेऱ्याचा रकाना

"सगळ्यांची वजनं आलीत, मॅडम. वेळाही आल्यात. फक्त आया आल्या नाहीत."

जुन्या मशीनमधल्या नोंदी नव्यात भरायला आलेली इंजिनिअर पोरगी हे इतक्या शांतपणे म्हणाली की मी आधी नुसतीच मान डोलावली. मग तिच्या पडद्याकडे नजर गेली आणि मी खुर्चीतून ताडकन उठले. अडतीस हजार दोनशे चौदा बाळंतपणं. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ आणि वजन अगदी लख्ख. आणि आईच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हं. मध्येच एखादं चुकार इंग्रजी अक्षर, पुन्हा प्रश्नचिन्हं.

"अहो, हे काय करून ठेवलंत?" मी म्हटलं. "सव्वीस वर्षं टाइप केलंय मी हे. एकेका खाटेशी जाऊन, विचारून, चिठ्ठीवर उतरवून, मग इथे बसून. तुमच्या मशीननं एका सकाळीत सगळ्या बाळांना पोरकं केलं?"

"मशीनला ही अक्षरं ओळखता आली नाहीत, मॅडम. जे ओळखता येत नाही तिथे ते प्रश्नचिन्ह टाकतं."

"वा! मलाही हल्ली निम्मी माणसं ओळखता येत नाहीत. मी त्यांच्या तोंडावर प्रश्नचिन्हं काढत फिरते का?"

ती ओठ दाबून हसली. तेवढ्यात अधीक्षकसाहेब आत आले. आमच्या प्रसूतिगृहाचे हे साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत, पण आकडे दिसले की विरघळतात.

"अडतीस हजार! आणि एकही आकडा चुकला नाही? झालं तर मग!" ते म्हणाले. "वरून आकडेच मागतात. जुनी नावं हवीत कुणाला? आजपासून नवी घाला. जुन्या मशीनसाठी शनिवारी भंगारवाल्याला बोलावलंय."

"आणि उद्या कुणी जन्माचा दाखला मागायला आलं, तर काय देऊ साहेब? तीन किलो दोनशे ग्रॅम?"

"कागदी चिठ्ठ्या असतील ना?"

"वर्षभरानं फाडून टाकायचा नियम तुमचाच आहे."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. अडचण आली की ते घड्याळाकडे पाहतात. "शुक्रवारपर्यंत काही करता आलं तर करा," म्हणाले आणि निघून गेले. त्या दिवशी मंगळवार होता.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. पोरीनं मात्र खुर्ची पुढे ओढली. "मूळ फाइल तरी धड आहे का बघते," म्हणत तिनं ती आपल्या मशीनवर उघडली आणि कपाळाला हात लावला. "हीसुद्धा गेली. नुसता कचरा आहे."

मी चष्मा चढवला. कंस, टक्क्याचं चिन्ह, मोठा डी, दोन स्वल्पविराम, डॉलर, पुन्हा कंस.

"कचरा काय म्हणतेस गं? ही कोपऱ्यावरच्या शिंपिणीची थोरली सून. पहिली खेप, मुलगी. खालची ती टपालवाल्याची बायको, जुळी. आणि ही, थांब हं... ही आमच्या चौकीदाराची बहीण. तिला सातव्या महिन्यातच आणलं होतं."

पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. "काय वाचताय तुम्ही? इथे काहीच लिहिलेलं नाहीये."

"तुला दिसत नसेल. आमचा पहिला प्रिंटर भारी लहरी होता. मनात आलं की फाँट सोडून छापायचा, मग कागदावर हे असंच यायचं. पुन्हा छापायला शाई कोण देणार? मी तसंच तपासून घ्यायची. सवय झाली."

"काकू," ती म्हणाली. मॅडमची काकू झाली ती त्या क्षणी. "म्हणजे काही गेलेलं नाहीये! तुमच्या जुन्या मशीननं मराठी कधी साठवलंच नाही. तुम्ही कुठलं बटण दाबलं तेवढंच साठवलं. वरून तो जुना फाँट मराठीचे कपडे चढवायचा. फाँट गेला, खाली उघडी बटणं राहिली."

"म्हणजे सव्वीस वर्षं मी इंग्रजी टाइप करत होते?"

"एका अर्थी, हो."

"हे माझ्या इंग्रजीच्या बाईंना कळवायला हवं. दोनदा नापास केलं होतं त्यांनी मला."

आता करायचं काय, तर कुठल्या बटणाचं कुठलं अक्षर त्याचा एक तक्ता बनवायचा. तो तक्ता एकदा मशीनला दिला की ते सगळी बटणं खऱ्या मराठी अक्षरांत उलटवणार. फाँट बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती आणि सकाळी फाइल काढून घेतल्यावर जुनं मशीन पुन्हा सुरूच झालं नव्हतं, त्यामुळे तक्ता मिळायचं एकच ठिकाण होतं, ते म्हणजे मी.

"सांगा काकू, ळ कुठे?"

मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. ळ कुठे? जुन्या कीबोर्डवरची अक्षरं तर केव्हाच झिजून गेली होती, सगळी बटणं गुळगुळीत. "अगं, मला नाही आठवत!" मी म्हटलं, आणि तोंडचं पाणीच पळालं. सगळं माझ्यात होतं आणि मलाच सांगता येत नव्हतं.

पोरगी हुशार. ती म्हणाली, "सांगू नका. तुम्ही फक्त बोला माझ्याशी, आणि बोलता बोलता टाइप करा. घरी कोण कोण असतं?"

मी सांगायला लागले. नवरा, दोन मुली, मोठीचा संसार, धाकटीचे नखरे. तोंड चाललं होतं आणि बोटंही. ती माझ्या हातांकडे बघत भराभर तक्ता भरत होती. विचार केला की बोट अडायचं, गप्पांत रमले की बरोबर जागी पडायचं. ज्ञ साठी एक बटण धरून चार आकडे दाबावे लागायचे. ते आकडे मला कुणी विचारले असते तर जन्मात सांगता आले नसते, पण "ज्ञानेश्वरी म्हणायची सासू रोज" असं म्हणाले आणि बोटांखालून आपोआप निघाले. दोन दिवस आम्ही अशा बसलो होतो. माझ्या सासरच्या सगळ्या भानगडी त्या पोरीला कळल्या. अवघड जोडाक्षरांसाठी तर माझ्या नणंदेचा सगळा इतिहास लागला.

पहिल्यांदा उलटवून पाहिलं तेव्हा पहिल्या वेलांट्या सगळ्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या होत्या. जुन्या पद्धतीत वेलांटी आधी दाबायची, अक्षर नंतर. नवं मशीन अक्षर आधी मागतं. पोरीनं तेही सरळ केलं. गुरुवारी दुपारी तिनं पुन्हा शंभर ओळी उलटवल्या, वाचायला लागली, आणि एकाएकी खदखदून हसली. हसता हसता तिला ठसका लागला.

"काकू, 'बाळ आधी शिंकले, मग रडले.' हे काय आहे?"

माझा चेहराच उतरला. शेऱ्याचा रकाना मी साफ विसरले होते.

त्याचं असं झालं होतं. प्रत्येक नोंदीला शेवटी शेरा नावाचा एक रकाना होता आणि तो रिकामा सोडला की मशीन पुढे जाऊच द्यायचं नाही. आधी मी इमानेइतबारे 'निरंक' लिहायची. एकदा एका दिवसात नऊ वेळा निरंक लिहिलं आणि वैताग आला. निरंक कसलं? आत्ता तर खाटेपाशी जाऊन आले, तिथे बाळंतीण नवऱ्याला फैलावर घेत होती आणि नवरा आनंदानं रडत होता. आणि मी लिहू निरंक? मग जे दिसलं, ऐकलं, ते लिहायला लागले. दाखल्यावर तो रकाना छापला जात नसे. वाचणारी मी एकटीच.

"'मुलगी झाल्याचे ऐकून बापाने जिन्यात उड्या मारल्या. चौकीदाराने समज दिली,'" पोरगी मोठ्यानं वाचत होती. "'दोन्ही आज्यांचे नावावरून वाजले. बाळ झोपलेले.' 'डॉक्टरीणबाई पोहोचण्याआधी बाळ पोहोचले.' काकू, हे भन्नाट आहे!"

"हळू वाच गं बाई!"

"पण नव्या पद्धतीत शेरा सगळ्यांना दिसणार. दाखल्याबरोबर छापलाही जाणार. डॉक्टरांना दिसेल, साहेबांना दिसेल." ती थांबली. "हा रकाना सोडून देऊ का? नावं आली की काम झालं. कुणाला कळणारही नाही."

माझ्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. सव्वीस वर्षांत एकदाही मेमो नाही. "उद्या सांगते," म्हटलं आणि घरी गेले.

संध्याकाळी चहाच्या वेळी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे बशीतला चहा संपवला. "तू गप्प बसणारी बाई नव्हेस, हे त्यांना सव्वीस वर्षांत कळलं नसेल तर चूक त्यांची आहे," म्हणाले. मग जरा वेळानं, "वजन काय, कुठलाही काटा सांगतो. बाळ शिंकलं हे कोण सांगणार?"

ह्या माणसाशी मी तीस वर्षं भांडत आले. पण असं एखादं वाक्य बोलतात की पुढची पाच वर्षं माफ.

शुक्रवारी सकाळी मी पोरीला म्हटलं, "सगळं घे. शेऱ्यासकट."

"नक्की?"

"मला जाब विचारायला आले तर म्हणेन, रकाना रिकामा सोडता येत नव्हता. खोटं थोडंच आहे?"

तिनं बटण दाबलं. पडद्यावर आकडा चढायला लागला. हजार, पाच हजार, बारा हजार. आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून उभ्या होतो. अडतीस हजार दोनशे चौदावर आकडा थांबला आणि तिनं यादी उघडली. एकही प्रश्नचिन्ह नाही. आया आल्या होत्या, सगळ्या आल्या होत्या. शिंपिणीची सून, टपालवाल्याची बायको, चौकीदाराची बहीण, आपापल्या नावानिशी, आपापल्या बाळाशेजारी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू? पोरीनं मला मिठी मारली, तेव्हा तिचाही चष्मा ओला झाला होता.

साहेब आले. "आलं का सगळं? बघू, आमच्या सौभाग्यवतींचं नाव टाकून बघू," म्हणाले आणि दोन बोटांनी नाव टाइप केलं. नोंद उघडली. तारीख बरोबर, वेळ बरोबर, मुलगा, तीन किलो शंभर. साहेब खूश. मग त्यांची नजर खाली सरकली. मी भिंतीकडे पाहायला लागले.

"'बापास दारातच भोवळ. चष्मा फुटला. शिपायाने पाणी मारले. बाप: आपले साहेब,'" साहेबांनी वाचलं.

पोरीनं हळूच माऊसकडे हात नेला.

"घरी मी सांगितलंय," साहेब सावकाश म्हणाले, "चष्मा बसच्या गर्दीत फुटला. अठरा वर्षं तेच सांगतोय."

"साहेब, पुसायचं का?" पोरगी म्हणाली.

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग त्यांचं पोट हलायला लागलं आणि ते असे हसले, असे हसले, की बाहेरून दोन परिचारिका धावत आल्या. "असू दे," डोळे पुसत ते म्हणाले. "पण ही प्रत माझ्या घरी गेली तर तुमची निवृत्ती मी पुढे ढकलीन."

शनिवारी भंगारवाला जुनं मशीन घेऊन गेला. मला वाटलं होतं वाईट वाटेल. अजिबात वाटलं नाही. माझ्या आया तर इथेच होत्या.

त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी माझ्या खिडकीशी एक पोरगी आली, सातवा महिना असेल. बरोबर तिची मावशी. नाव नोंदवायचं होतं. नव्या फॉर्ममध्ये स्वतःचा जन्म कुठला तेही विचारतात.

"इथलाच," ती म्हणाली. "तेवीस वर्षांपूर्वी."

"मग तुझी नोंद असणार आमच्याकडे. आईचं नाव सांग."

तिनं सांगितलं. मावशी हळूच म्हणाली, "ही तीन दिवसांची होती तेव्हा ती गेली. माझी धाकटी बहीण. हिला मीच वाढवली."

मी नाव टाकलं. खरं सांगते, चेहरा आठवला नाही. अडतीस हजारांत कसा आठवणार? पण शेरा वाचला आणि पडदा त्या पोरीकडे फिरवला.

"आई बाळास म्हणते: नाक माझे घेतलेस ते ठीक. स्वभाव घेऊ नकोस, हाल होतील. आई फार हसत होती."

पोरीनं एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. "हे ती बोलली?"

"बोलली. कुणी बोलल्याशिवाय मी लिहीत नव्हते."

"अगदी तिचंच बोलणं," मावशी म्हणाली. ती हसत होती आणि पदरानं डोळेही टिपत होती. "आणि स्वभाव घेतलासच की गं बये!"

"तिचे चार फोटो आहेत घरी," पोरगी माझ्याकडे बघत म्हणाली. "बोललेलं काहीच नव्हतं. मला ह्याची प्रत मिळेल?"

"दोन देते," मी म्हटलं. एक तिची, आणि एक येणाऱ्या बाळासाठी.

कागद बाहेर येईपर्यंत ती खिडकीच्या काचेसमोर उभी होती. काचेत बघून आधी एका बाजूला मान वळवायची, मग दुसऱ्या. एक बोट नाकाच्या शेंड्यावर ठेवून ती किती तरी वेळ तशीच बघत राहिली.