आलेखातली तुटलेली रेघ

मित्रांनो, मी एक जुना आलेख आहे. चेन्नईतल्या मैलापूरच्या एका बालसंस्थेत माझा जन्म झाला. तिथल्या अंबुजाबाई दरवर्षी राज्यभरातल्या अटकांचे सरकारी आकडे मिळवत आणि माझ्यावर एकेक ठिपका देत. कागद संपला की गोंदाने दुसरा जोडत. असा मी वाढत वाढत अकरा फूट झालो. चोरीची रेघ हिरवी, मारामारीची लाल, अल्पवयीन मुलांच्या अटकांची निळी. नवा आकडा बाई आधी पेन्सिलीने मांडत. उशिरा कळवणाऱ्या जिल्ह्यांची भर पडून तो पक्का झाला, तरच शाई. इतकी काळजी मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

२००६ साली संस्थेत कॉम्प्युटर आला आणि मी गुंडाळून कपाटावर गेलो. नुकतीच पदवी घेतलेल्या हरिप्रियाने सगळे आकडे त्यात भरले. तिचा छापील आलेख पाहून अध्यक्ष विजयेंद्र सर दचकले.

"२००१ पासून निळी रेघ बघा कशी चढली! बाहेर मुलं बिघडत चाललीत. सोमवारपासून आपली मुलं बाहेरच्या शाळेत जाणार नाहीत."

त्यांनी तसा हुकूमही लिहिला. संस्थेत बावीस मुलं राहत होती. ती शाळा हेच त्यांचं मोकळं जग होतं.

अंबुजाबाईंनी मला खाली ओढलं, धूळ झटकली आणि टेबलावर पसरलं.

"अगे हरिप्रिया, २००० आणि २००१च्या ह्या दोन निळ्या ठिपक्यांमध्ये रेघ का नाही?"

"राहून गेली असेल, अक्का."

"माझ्या हातून?" बाई हसल्या. "आधी मुलगा सोळापर्यंत अल्पवयीन धरत. २००१ पासून नव्या कायद्याने अठरापर्यंत. मोजायची रीतच बदलली, मग जोडू कशी?"

"अय्यो! कॉम्प्युटरने तर जोडून टाकली!"

"त्याला कागदावरून पेन उचलायला कोणी शिकवलं नाही गे."

हरिप्रियाने वयोगटांचे तक्ते काढले आणि सोळाच्या आतली मुलं वेगळी मोजली. दुपारपर्यंत नवी रेघ तयार झाली. ती जवळजवळ आडवी होती. सरांनी ती पाहिली, मग मला पाहिलं.

"हा कागद कपाटावर कोणी टाकला?"

"तुम्हीच, सर," अंबुजाबाई म्हणाल्या.

सर ओशाळून हसले आणि त्यांनी आपला हुकूम फाडला. सोमवारी बावीस मुलं दप्तरं घेऊन फाटकाबाहेर पडली.

मित्रांनो, आता माझे सांधे सुटत आले आहेत, पण हरिप्रिया काही छापण्याआधी मला उलगडते. आकडे दाखवून कुणी मुलांना वाईट ठरवू लागलं, तर तुम्हीही विचारा, मोजलं कसं? आणि आमच्यासारखे कागद जपा. आमच्यावर कुणीतरी थांबून विचार केलेला असतो.