बिलगलेल्या दोघी

पडद्यावरचा फोटो बघून सर "वा!" म्हणाले आणि ताईला ते झोंबलं. फोटो धाकटीने काढलेला होता.

धाकटी म्हणजे सख्खी बहीण. ताईनेच शब्द टाकून तिला या प्रयोगशाळेत लावून दिलं होतं. काप कसा घ्यायचा, रंग कसा चढवायचा, सगळं हाताला धरून शिकवलं होतं. ऑपरेशनमध्ये काढलेले टॉन्सिल इथे बरणीतून येत. त्यांच्या आत रोगांशी लढणाऱ्या पेशी असतात; एकेका टी पेशीभोवती बी पेशींची झुंबड उडालेली असते. जिला तिचा होकार मिळतो ती तगते, बाकीच्या मरून जातात. तो होकाराचा क्षण, निळी बी आणि लाल टी एकमेकींना बिलगलेल्या, ताई कित्येक वर्षं शोधत होती. आणि काल आलेली ही पोरगी तो पटकावून बसली! परिषदेला सर एकीलाच नेणार होते.

"तू एकदा बघून घे," सर ताईला म्हणाले. "तुझी नजर पक्की. तू हो म्हणालीस की हिचं तिकीट काढतो."

ताई सूक्ष्मदर्शकावर वाकली. काप जाड असला तर वरची पेशी आणि खालची पेशी चिकटल्यासारख्या दिसतात; नवशिके इथेच हमखास फसतात. फोकसचं चाक जरासं फिरवलं की एक पुसट होते, दुसरी ठळक, आणि पितळ उघडं पडतं. ताईने चाक फिरवलं. व्हा गं बायांनो, व्हा वेगळ्या, ती मनात म्हणत होती. दोघी एकदमच पुसट झाल्या. तिने उलटं फिरवलं. दोघी एकदमच ठळक झाल्या. खरंच बिलगल्या होत्या मेल्या!

ताईच्या अंगाची लाही लाही झाली.

"काप जाड आहे, सर," ती म्हणाली. "एकीवर एक आल्यात."

सरांचा चेहरा पडला. त्यांनी धाकटीकडे बघितलं.

"ताई म्हणतेय म्हणजे तसंच असणार," धाकटी म्हणाली. "घाईच झाली माझी. सॉरी, सर."

सर हळहळत आपल्या खोलीत गेले. धाकटीने स्लाइड काढली आणि ताईच्या पुढ्यात ठेवली.

"चाक मीही फिरवलं होतं, ताई. सकाळीच. दोन्हीकडे."

ताईने झटकन मान वर केली. "मग सरांसमोर बोलली का नाहीस?"

"काय बोलू? माझी ताई खोटं बोलतेय म्हणून?" धाकटीने हातमोजे काढून कचऱ्यात टाकले आणि ती बरण्या धुवायला निघून गेली.

ताईला लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण लाजेच्या आधी उसळला तो जळफळाटच. म्हणजे यातही हीच वरचढ! तिने स्लाइड उचलली आणि ती सरांच्या खोलीकडे निघाली. आता हिचं कौतुक आपल्याच तोंडाने करावं लागणार, म्हणून दारापर्यंत ती चरफडत राहिली.