रपटा खुला आहे

मुकुटबनात बबिता राठोडचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दहा बाय दहाची खोली, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि तो अडला की त्याला दोन ठेवून द्यायला एक लाकडी पट्टी. पोरगी हुशार, हाताने चलाख, आणि आपण हुशार आहोत हे तिला पुरेपूर ठाऊक. तांड्यातली कॉम्प्युटर शिकलेली पहिली पोर म्हटल्यावर थोडी शेखी मिरवायचीच. तिच्याहून जास्त मिरवायचा तो तिचा बाप.

बाप म्हणजे धनसिंग. झरी ते मुकुटबन काळी-पिवळी जीप चालवतो. तीही पक्क्या रस्त्याने नव्हे, जंगलातल्या गावांवरून जाणाऱ्या आडरस्त्याने, कारण त्याच्या सवाऱ्या तिकडच्याच. या रस्त्यावर वाघदरा नाला आडवा येतो. त्याच्यावर पूल नाही, बुटका रपटा आहे. वर डोंगरात पाऊस पडला की पाणी रपट्यावरून वाहतं, मग इकडे लख्ख ऊन का असेना. पूर्वी लोक रपट्यापर्यंत जायचे, पाणी बघायचे आणि शिव्या देत चार कोस उलटे फिरायचे. काही फिरायचे नाहीत. दोन वर्षांमागे एक ट्रॅक्टर फिरला नाही. त्याची ट्रॉली तिसऱ्या दिवशी सापडली, चालवणारा पाचव्या.

त्यानंतर बबिताने एक वेबसाइट काढली. एकच पान, त्यावर एकच ओळ. हिरव्यावर ‘रपटा खुला आहे’, नाहीतर लालवर ‘रपटा बंद आहे’. नाल्याच्या झरीकडच्या काठावर, वर टेकाडावर कोलामांचा पोड, म्हणजे वस्ती, आहे. तिथला उकंडा रपट्याजवळच्या खांबावरचे पट्टे बघायचा. पाणी दुसऱ्या पट्ट्याला लागलं की तो बबिताला फोन करायचा, आणि बबिता रंग बदलायची. पानाच्या खाली उकंडाचा नंबरही होता.

पण पाऊस लागला की सगळा मुलूख एकदमच ते पान उघडायचा. पान ठेवलं होतं कुठल्याशा परदेशातल्या स्वस्त सर्व्हरवर. त्याचा जीव तो केवढा. चाक गरगर फिरत राहायचं, पान काही उघडायचं नाही, आणि लोक कंटाळून उकंडाला फोन लावायचे. गेल्या ऑगस्टात एका दिवसात त्याला दीडशे फोन आले. संध्याकाळी त्याने मोबाईल तांदळाच्या डब्यात कोंबला आणि झोपून गेला.

म्हणून यंदा बबिताने पानाला सीडीएन जोडलं. रात्रंदिवस व्हिडिओ बघून, स्वतःच्या हाताने. अकरा सेकंदांनी उघडणारं पान एका सेकंदात उघडू लागलं. पोरीचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. तिने पानावरून उकंडाचा नंबर काढला आणि त्या जागी मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘फोन करू नका, पान पाहा.’ उकंडालाही सांगितलं, की आता तिथे उभं राहून लोकांना अडवायची गरज नाही, मला कळवा आणि खुशाल घरी जा.

जेवताना तिने आईबापाला सीडीएन समजावून सांगितलं होतं.

“आपलं मूळ पान दूर हाय, बा. हे सीडीएनवाले त्याच्या नकला करून जागोजागी ठेवतेत. मुंबईत एक, हैदराबादेत एक. जो मागीन त्याले जवळची नक्कल भेटते. मुळापर्यंत जाचं कामच नाही.”

धनसिंग खूश झाला. “हे तं आपल्या लदेणीसारखं झालं. आपले आजे-पणजे बैलावर मीठ लादून न्यायचे, मुक्कामा-मुक्कामावर ठेवायचे. गाववाल्याले समुद्रापर्यंत जायची गरज नाही.”

आई, हंसाबाई, भाकर थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, “मीठ ठेवलं तं राह्यते बाप्पा. दूध ठेवलं असतं तं?”

“याडी, हे पान हाय, दूध नाही,” बबिता म्हणाली, आणि बापलेक दोघंही हसली.

तीन आठवडे रपटा खुलाच होता. पान हिरवं, सगळं आबादीआबाद.

मग झरीच्या बाजाराच्या दिवशी बारा पस्तीसला उकंडाचा फोन आला. “पोरी, पाणी दुसऱ्या पट्ट्यावर आलं. वरून लाल पाणी येऊन राह्यलं. लय येईन.”

बबिताने पान लाल केलं. आपल्या कॉम्प्युटरवर उघडून बघितलं. लालभडक. ‘रपटा बंद आहे.’ ती समोरच्या माणसाच्या पीकविम्याच्या फॉर्मकडे वळली.

एक वाजून दहा मिनिटांनी अंगणवाडीच्या विमलताई झेरॉक्स काढायला आल्या. त्यांचं माहेर झरीकडचं.

“बरं झालं बाई रपटा खुला हाय,” त्या म्हणाल्या. “चार वाजता निघतो म्हणतो.”

“बंद हाय ताई. बारा पस्तीसलेच बंद केला मी.”

“काहून गंमत करून राह्यली? हे पाय.” विमलताईंनी मोबाईल पुढे केला. पान हिरवं होतं.

बबिताने आपला मोबाईल काढला. पान उघडलं. हिरवं. बंद करून पुन्हा उघडलं. हिरवं, आणि एका सेकंदात. तिने कॉम्प्युटरकडे बघितलं. तिथे लाल.

मग तिच्या लक्षात आलं. कॉम्प्युटरवर ती मालकीण म्हणून आत शिरलेली होती, आणि मालकिणीला सीडीएन नक्कल दाखवत नाही, मूळ पान दाखवतं. बाकी सगळ्या जगाला ते मुंबईची नक्कल देत होतं, सकाळची, हिरवी. नक्कल किती वेळ ठेवायची असं सीडीएनने विचारलं होतं, तेव्हा पान भराभर उघडावं म्हणून हिनेच चार तास सांगितले होते. रंगाची ती ओळ त्यातून वगळायला हवी होती. ते तिला सुचलंच नाही. सगळ्या गावाला खोटं दिसत होतं आणि खरं एकटीला.

“दूध,” ती स्वतःशी म्हणाली. विमलताईंना काही कळलं नाही.

नकला पुसायचं एक बटण असतं. त्यासाठी सीडीएनच्या साइटवर शिरावं लागतं, आणि तिथे शिरायला मोबाईलवर ओटीपी यावा लागतो. ओटीपी येईना. बबिता उठून दाराबाहेर गेली, हात वर करून उभी राहिली, परत आत आली. दोन मिनिटं गेली. ओटीपी आला, तर पहिल्यांदा आकडाच चुकला. दुसऱ्यांदा शिरली, बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात तिच्या मोबाईलवर पान लाल झालं.

पण ज्यांनी आधीच बघितलं त्यांचं काय? आणि बघून जे निघाले त्यांचं?

बा.

तिने धनसिंगला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. जंगलात त्याच्या सिमला रेंज नसते, म्हणजे तो निघालेला होता. तिने झरीच्या स्टँडवरच्या पानठेल्यावाल्या शामला फोन लावला.

“धनसिंगभाऊ? निघाले की, दहा मिनटं झाले,” शाम म्हणाला. “दहा सीटा हायेत गाडीत. एक म्हातारी भेत होती, पाणी असन म्हणे. तं भाऊनं मोबाईल काढून दाखवला तिले. माह्या पोरीचं पान हाय, बिनघोर बस.”

झरीपासून रपटा वीस मिनिटं. म्हणजे हातात दहा उरली.

उकंडाचा फोन वाजला, वाजला आणि बंद झाला. पुन्हा लावला. वाजत राहिला. तिला तो तांदळाचा डबा आठवला आणि रडू फुटायचंच बाकी राहिलं. तिसऱ्यांदा उकंडाने उचलला. तोंडात घास होता.

“उकंडाकाका, कुठी हा तुम्ही?”

“घरी. तूच म्हणे ना, घरी जा.”

“काका, बाची गाडी येऊन राह्यली. त्याईच्या मोबाईलवर हिरवं दिसते. पळा. थांबवा त्याईले.”

उकंडाने कायले, कसं काही विचारलं नाही. ताट सरकल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

पोडापासून रपट्यापर्यंत उतरायला तरण्या माणसाला सात मिनिटं लागतात. उकंडा पन्नाशीचा. वाट चिखलाची. बबिता हिशेब करत होती आणि हिशेब कुठेच बसत नव्हता. विमलताई तिच्याशेजारी स्टुलावर बसल्या. त्यांनी तिचा हात धरला. पीकविम्यावाला माणूस कागद घेऊन गपचूप बाहेर जाऊन उभा राहिला. भिंतीवरच्या घड्याळात एक पंचवीस झाले, सव्वीस झाले, सत्तावीस झाले.

फोन वाजला. उकंडा.

त्याला धाप लागली होती. मागे पाण्याचा घोंगाट, इतका की त्याचे शब्द मधूनच बुडत होते. “थांबवली. आडवा झालो गाडीले. पण तुहा बाप माहं ऐकून नाही राह्यला, पोरी. दोन चाकं पाण्यात हायेत.”

“द्या त्याईले.”

“बबिता.” धनसिंगचा आवाज चिडलेला होता. “काय हाय हे? उकंडा म्हणते बंद, तुह्या पानावर हिरवं हाय. हा पाय, माह्या हातात हाय मोबाईल, हिरवंगार. पाणी पिंडरीइतकं बी नाही. सवाऱ्या कावून राह्यल्या. मी नेतो काढून.”

“बा, नको नेऊ.”

“पण पान...”

“पान खोटं हाय.”

पलीकडे नुसतं पाणी वाजत राहिलं.

“पान शिळं हाय, बा. मी बारा पस्तीसलेच बंद केलतं. ते तुमच्यापर्यंत पोचलंच नाही. मी चुकली. मले कॉम्प्युटरवर लाल दिसे अन् मले वाटलं, सगळ्याईले दिसते. तू पानाचं नको ऐकू. माहं ऐक. मागं घे गाडी.”

फोन कट झाला.

त्याने कापला, की रेंज गेली, की... पुढचं बबिताला मनात आणवेना. तिने परत फोन लावला नाही. लावायची हिंमतच झाली नाही. तिने चिंतामणीला हात जोडले, सेवालाल महाराजांना जोडले, आणि मग नुसतेच जोडून ठेवले. आपणच बापाच्या हातात तो हिरवा रंग दिला. बाप नदीनाल्यांत वाढलेला माणूस, लाल पाणी बघून दुसऱ्या कुणाच्या बोलण्यावर त्याने चाक घातलं नसतं. घातलं ते पोरीवर विश्वास होता म्हणून.

एक छत्तीसला उकंडाचा फोन आला.

“मागं घेतली गाडी. सवाऱ्या उतरून ढकलू लागल्या, चाक फसलं होतं.” तो थांबला. “पोरी, आता तिसरा पट्टा दिसत नाही. खांबच दिसत नाही.”

विमलताईंनी पदर तोंडाला लावला. बबिता खुर्चीवरून खाली सरकली आणि प्रिंटरच्या टेबलाला टेकून फरशीवरच बसली.

धनसिंग पक्क्या रस्त्याने फिरून, वाटेत सवाऱ्या सोडत, दिवेलागणीला तांड्यात पोचला. हातपाय धुतले, चहा प्याला. बबितावर रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो अंगणात गेल्यावर हंसाबाईने हळूच सांगितलं, “सवाऱ्याईले म्हणे तुहा बाप, पान बरोबर होतं, माहा मोबाईलच जुना हाय, त्याच्यात उशिरा दिसते. दहाही जनं त्यालेच बोलले. ऐकून घेतलं.”

बबिताला रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी ती सहालाच दुकान उघडून बसली. आधी रंगाची ओळ सीडीएनमधून वगळली. चित्रं, अक्षरं, जड सामान सगळं नकलांत राहू दिलं. ती एक ओळ मात्र दर वेळी मुळातूनच यावी असं केलं. पान एकाऐवजी तीन सेकंदांनी उघडू लागलं. उघडो. वर तिने उकंडाचा शेवटचा निरोप किती वाजता आला ते लिहिलं. खाली उकंडाचा नंबर परत टाकला, त्याला विचारून. तो म्हणाला, “टाक. डब्यात नाही ठेवत आता.” शेवटी तिने आणखी तीन ओळी लिहिल्या:

‘काल दुपारी बारा पस्तीसपासून सव्वा वाजेपर्यंत हे पान चुकून हिरवं दिसत होतं. चूक कोणाच्या मोबाईलची नाही, माझी आहे. बबिता धनसिंग राठोड.’

आठ वाजता धनसिंगची जीप दुकानासमोर लागली. आत पाच-सहा सवाऱ्या होत्या. त्याने मोबाईल काढला, सवयीने पान उघडलं आणि ओळींखाली बोट फिरवत वाचू लागला. वाचून झाल्यावर तो खाली उतरला आणि दारात येऊन उभा राहिला.

“मी लोकाईले वेगळं सांगतलं होतं,” तो म्हणाला.

“याडीनं सांगतलं मले.”

“मंग आता मी खोटा पडलो.”

“हो, बा.”

तो पोरीकडे बघत राहिला. तिने मान खाली घातली नाही, जरी घालावीशी वाटत होती. पाणी रात्रीतून उतरल्याने पान त्या घडीला हिरवं होतं, खरोखरीचं हिरवं; तिने तीन वेगवेगळ्या मोबाईलवर बघून खात्री केली होती. ते तिला सांगायचं होतं. पण आता आपण सांगून काय उपयोग, असं तिला वाटलं.

धनसिंग जीपकडे गेला, आपल्या जागेवर बसला, चावी फिरवली नाही. पानावरचा नंबर दाबून त्याने मोबाईल कानाला लावला.

“उकंडा,” सवाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, “पाणी कुठवर हाय?”

बबिताला ते लागलं. आणि बरंही वाटलं. उकंडाने पलीकडून काय सांगितलं ते तिला ऐकू आलं नाही, पण बापाने मान हलवली, एकदा तिच्या दुकानाकडे बघितलं आणि गाडी सुरू केली.