बोल्टखालचा रंग

ट्रकला नवा हिरवा रंग लागला त्याच आठवड्यात जावयाने नवे एलईडी लाइट आणले, आणि मालकांच्या मते सगळं बिघडलं ते तिथूनच. मालक म्हणजे ट्रकचे मालक. गेली तीस वर्षं ट्रक तेच चालवत होते, पण कुणी ड्रायव्हर म्हटलेलं त्यांना खपत नसे.

जावयाने लाइट नुसते आणून दिले नाहीत. एक अख्खा रविवार ट्रकखाली उताणा पडून स्वतःच्या हातांनी बसवले. लाइट लागले, पण असे, की समोरचा खड्डा दिसू नये, नुसती त्याची शंका यावी. जावई माणूस, म्हणून मालक तीन महिने मूग गिळून बसले. मग एका संध्याकाळी ट्रक कडेच्या सिमेंटच्या पाइपाला घासला, हिरवा रंग हातभर सुटला, आणि मालकांचा संयमही. पुढच्याच आठवड्यात व्याह्यांच्या घरी, चार पाहुण्यांदेखत ते म्हणाले, "आमच्या जावयांनी असा उजेड पाडलाय, की तो बघायला टॉर्च लागते."

पाहुणे हसले. जावई हसला नाही.

दोन दिवसांनी मुलगी बॅग घेऊन दारात उभी राहिली. सोबत नवऱ्याचा निरोप होता : लाइट कुठल्याही वायरमनला दाखवा. चूक माझी निघाली तर मी येऊन माफी मागतो. नाही निघाली तर बाबांनी मला एक फोन करावा. तोवर तू तिकडेच राहा.

मालकांना ही अट फार न्याय्य वाटली, कारण निकाल त्यांना आधीच माहीत होता. साक्षीला म्हणून ते मुलीलाही गॅरेजमध्ये घेऊन गेले.

वायरमनने मीटर लावला. बॅटरीवर पंचवीस व्होल्ट, लाइटपाशी सतरा.

"मधले आठ कुणी खाल्ले?" तो स्वतःशीच म्हणाला.

"लाइटांनी. दुसरं कोण खाणार? माल बघ की कसला आहे," मालक खुशीत म्हणाले आणि मुलीकडे वळले. "तू जरा चहा सांगून ये. हा काय, झालंच."

ती गेली. वायरमनने एक लांब वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं आणि दुसरं लाइटच्या काळ्या वायरीला टेकवलं. गॅरेजची मागची भिंत एकदम समोर आली. तिच्यावरची कोळिष्टकं दिसली, दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर दिसलं, त्यातल्या तारखासुद्धा वाचता आल्या.

"लाइट नाही खात, मालक. लाइट उपाशी आहेत," तो म्हणाला. काळ्या वायरीचा माग काढत तो चॅसीवरच्या बोल्टपाशी पोचला. "हे बघा. अर्थिंग घेतलंय ते रंगावर. रंगातून करंट जातो का? बोल्टच्या आट्यांतून येतो तेवढ्यावर बिचारे जगतायत. बाकी काम बघा, टेप बघा, जोड बघा, माझ्याकडचे करत नाहीत इतकं नीट. मग बोल्टखालचा रंग खरवडायला कसा विसरला?"

विसरला नव्हता. त्या रविवारी तो पॉलिश पेपर हातात घेऊन विचारत होता, "बाबा, इथला एवढासा रंग काढू?" आणि बाबा म्हणाले होते, "परवा रंगवलाय. नखाएवढा ओरखडा चालणार नाही." सासऱ्यांचा शब्द. त्याने पेपर घडी करून खिशात ठेवला होता.

वायरमनने रंग खरवडला, बोल्ट पक्का आवळला. भिंत पुन्हा लख्ख झाली.

"झालं तुमचं काम."

मालकांनी डोळ्यांवर आडवा हात धरला. "काढ," ते म्हणाले.

"काय काढू?"

"लाइट. जुने बल्ब बसव."

"अहो, मंद आहेत म्हणून आलात ना?"

"आता डोळ्यांवर येतात."

वायरमनने आयुष्यात बरीच गिऱ्हाइकं पाहिली होती. त्याने लाइट काढले.

मुलगी पार नाक्यापलीकडच्या चहावाल्याला सांगून अर्ध्या तासाने आली, तेव्हा लाइट खोक्यात होते, आणि मालक गुडघ्यांवर बसून केबिनमधल्या उरलेल्या हिरव्या रंगाचा हात चॅसीवरच्या खरवडलेल्या जागेवर मारत होते.

"बोगस निघाले," ते मान न वळवता म्हणाले. "सांग त्याला. रीतसर तपासून घेतलं म्हणावं. येऊ दे माफी मागायला, मी काही मनात ठेवणार नाही."

"काका, दोष लाइटातच होता?" तिने वायरमनला विचारलं.

वायरमनने पाना पुसायला घेतला. तो पुसून झाल्यावर पुन्हा पुसायला घेतला. "मला वायरीतलं कळतं, ताई. घरातलं तुमचं तुम्ही बघा."

ती खाली वाकली. "हे काय रंगवताय?"

"गंज धरेल म्हणून."

"त्या रविवारी टॉर्च मी धरली होती, बाबा."

मालकांचा ब्रश थांबला. मग उरलेली कड त्यांनी पूर्ण केली, कारण काम अर्धवट सोडायची त्यांना सवय नव्हती.

तिने बोट त्या ओल्या ठिपक्यावर टेकवलं. उचललं तेव्हा बोट हिरवं झालं होतं आणि ठिपक्यात मधोमध लोखंड चमकत होतं.

"थिनरने निघेल," मालक म्हणाले.

"नको काढायला. घरी दाखवायचंय." तिने खोकं काखोटीला मारलं. "बॅग आईकडे राहू दे. तिला फोन करून सांगते."

ती स्टँडकडे निघाली. चहा आला तेव्हा ती वळणापलीकडे गेली होती. तिचा पेला वायरमनने प्यायला. मालकांनी ब्रश पुन्हा बुडवला आणि ठिपका नीट बुजवला. अंधारून येताना ते पिवळ्या बल्बांवर घरी निघाले, पहिल्या गिअरात, काचेला नाक लावून.