तळाचा तुकडा

"आज तरी तळाचा मधला तुकडा मला दे, मिनसिलू," बसचा ड्रायव्हर रझीफ म्हणाला. "अकरा वर्षं तुझ्या बेलिशच्या कडाच चघळतोय."

मिनसिलू हसली. टेबलाच्या मधोमध पातेल्यात ठेवलेल्या, कणकेच्या आवरणात भाजलेल्या भल्यामोठ्या बेलिशचं झाकण ती सुरीने गोल कापत होती आणि आतून बदकाच्या मांसाची, बटाट्याची वाफ तिच्या तोंडावर येत होती. ती हसली, एवढंच झालं. गल्ल्यामागे बसलेल्या तिच्या नवऱ्याने, फिदाइलने, मान वर केली.

"जरा आत ये," तो शांतपणे म्हणाला.

झाकणाचे तुकडे आमच्या ताटल्यांत वाढून ती आत गेली. त्याने दार लावून घेतलं.

दर शुक्रवारी मी बहिणीकडे जायची, तेव्हा आमची बस अर्स्क गावाच्या अलीकडे या खाणावळीपाशी पाऊण तास थांबायची. बेलिश आमच्याकडे क्रमाने खातात. आधी झाकण, मग आतलं सारण, शेवटी तळ. सगळा रस तळात मुरलेला असतो, म्हणून तो मानाचा. त्याच्या कडा पाहुण्यांना मिळायच्या. मधला तुकडा मात्र फिदाइलचा, हे रस्त्यावरच्या सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक होतं.

आत एक भांडं पडलं. मग लाटण्याच्या फटक्यांचे आवाज येऊ लागले. पहिले दोन मऊ होते. तिसरा कोरडा, काटकी मोडल्यासारखा. त्यानंतर मिनसिलूचा आवाज एकदाच आला आणि अर्ध्यात थांबला.

टेबलाभोवती आम्ही आठ जण होतो. कोणी तरी मीठ मागितलं, कोणी तरी ते सरकवलं. रझीफची मान खाली होती. नवराबायकोचं आहे, आपण काय बोलणार, असं काहीसं तो माझ्याकडे न बघता पुटपुटला. अडतीस वर्षं मी पहिलीच्या पोरांना सांगत आले होते की कोणी कोणाला मारत असेल तर बसून राहायचं नाही, उठायचं. मी घास घेतला. झाकण खुसखुशीत झालं होतं.

आधी फिदाइल बाहेर आला. बाह्या खाली करत तो टेबलाच्या टोकाला बसला. मिनसिलूसारखाच तोही माझाच विद्यार्थी.

"बाई, गुडघे कसे आहेत?" त्याने विचारलं.

"बरे आहेत," मी म्हटलं.

मग मिनसिलू आली. कानामागून रक्ताचा ओघळ गळ्यापर्यंत उतरला होता. उजवा हात तिने एप्रनमध्ये गुंडाळला होता, पण मनगटाखालचा पंजा भलत्याच दिशेला लोंबत होता. डाव्या हातात डाव घेऊन तिने आठही ताटल्यांत सारण वाढलं. थेंबही सांडला नाही. मग तिने डाव्याच हाताने सुरी घेतली आणि तळ कापायला लागली. रेघा अगदी सरळ होत्या.

तेव्हा मला आठवलं.

सात वर्षांची असताना ती पेन्सिल डाव्या हातात धरायची. त्या काळी शाळेत ते चालत नसे. मी तिच्याच डोक्याच्या रुमालाने तिचा डावा हात बाकाला बांधत असे. गाठ सुटली की बोटांच्या पेरांवर पट्टी, तीही धारेच्या बाजूने. एक अख्खा हिवाळा असा गेला. एकदा कातडं फाटून वहीवर थेंब पडले. मी तिला नवी वही दिली आणि आपण किती प्रेमळ आहोत असं मला वाटलं. फिदाइल शेजारच्या बाकावर बसून सगळं बघत असे.

तळाच्या कडा तिने आम्हाला वाढल्या. मधला तुकडा एका ताटलीत काढला. फिदाइलने सवयीने हात पुढे केला. मिनसिलूने पायाने खुर्ची ओढली, बसली आणि ताटली स्वतःपुढे ठेवली. त्या टेबलाशी ती बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

"काय करतेस?" फिदाइलने विचारलं.

"जेवतेय."

तो उठला. आजवर त्याने जे केलं ते दाराआड केलं होतं. आता त्याने आमच्यादेखत तिचे केस मुठीत धरले आणि तिचं तोंड टेबलावर आपटलं. ताटली फुटली. त्याने पुन्हा आपटलं. मी उठले, वाकले आणि माझा हात तिच्या कपाळाखाली घातला. तिसऱ्यांदा तिचं डोकं माझ्या बोटांवर आदळलं. हाड कुठे तरी सरकल्याचं मला कळलं.

रझीफने बेलिशचं रिकामं लोखंडी पातेलं उचललं आणि फिदाइलच्या जबड्यावर हाणलं. तो कोसळला तेव्हा त्याचे दोन दात माझ्या बुटाशी येऊन पडले. रझीफ तरीही मारत राहिला, अकरा वर्षांचं सगळं एकदम काढत असल्यासारखा. तिघांनी मिळून त्याला आवरलं. दोघं फिदाइलच्या पाठीवर बसले. कोणी तरी पोलिसांना फोन लावला.

मिनसिलू उठून ताठ बसली. नाकातून रक्त गळत होतं. तळाच्या तुकड्यात फुटलेल्या ताटलीचे कपचे रुतले होते, ते ती डाव्या हाताच्या बोटांनी एकेक करून काढत होती.

तिचा मोडलेला हात गळ्यात बांधावा म्हणून मी माझा डोक्याचा रुमाल सोडला. रुमाल माझ्या हातात बघताच तिने डावा हात झटकन पाठीमागे नेला.

"उजवा, गं," मी म्हटलं. "उजवा बांधायचाय."

हात तिने मागेच ठेवला. माझी बोटं सुजत चालली होती, रुमालाची घडी मला घालता येत नव्हती.

"आधी जेवू द्या, बाई," ती म्हणाली.

मी रुमाल मांडीवर ठेवला. तिने पाठीमागचा हात पुढे आणला, फुटक्या ताटलीचा उरलेला भाग थोडा डावीकडे सरकवला आणि खायला लागली.